रिकाम्याने मागे व्हायचं

नरपडला आमच्या वाड्यांमधून जाणारा रस्ता एका गाडीपुरताच आहे. दोन्हीकडे कुंपण, आत चिकू. समोरासमोर दोन गाड्या आल्या की कुणी भांडत नाही. भरलेल्या गाडीने पुढे जायचं, रिकाम्याने मागे व्हायचं. मालाची गाडी मागेपुढे केली की धक्क्याने चिकू खाली दबतो, म्हणून हा नियम.

माझे काका जन्मभर चिकूचा टेम्पो चालवत आले. माझ्या लग्नात मला नेणारी गाडी आपणच चालवणार, असा त्यांचा हट्ट होता. तिथेच आम्ही फसलो.

नवरीचं गाव उधवा. मधला रस्ता खणलेला, म्हणून आम्ही हायवेने निघालो. मुंडावळ्या बांधून मी पुढे, मागे करवली म्हणून धाकटी बहीण, मांडीवर करा घेऊन. तलासरीच्या अलीकडे काँक्रीटचं काम चाललेलं. दोन लेन संपून एकच उरत होती आणि आमची नेमकी संपणारी. डावीकडची एक, उजवीकडची एक, अशा गाड्या बऱ्या शिस्तीत आत शिरत होत्या. आमचा नंबर आला आणि काकांनी ब्रेक दाबला.

"काका, घाला ना गाडी."

"अरे, ट्रक भरलेला आहे. चाकांवरचे पाटे बघ कसे दबलेत. आपण रिकामे."

तो ट्रक गेला. मागचाही भरलेलाच होता. मग लाद्या, मग कांदा, मग कोंबड्या. काका प्रत्येकाला हात दाखवून सोडत होते, आणि आमच्या मागचे हॉर्न वाजवून आमचा उद्धार करत होते. शेवटी एक खडखडणारा रिकामा टँकर आला तेव्हा मला आशा वाटली.

"दोन्ही रिकाम्या असल्या तर लहान गाडीने थांबायचं," काका म्हणाले.

तेवढ्यात नवरीच्या मामांचा फोन आला. भटजी सारखं घड्याळ बघत होते. मुहूर्त टळला तर पुढचा थेट संध्याकाळचा, आणि तोवर सगळं वऱ्हाड उपाशी. मी ओरडलो, "काका, मी आहे ना गाडीत!"

"तू काय माल आहेस?"

मागे बहीण इतकी हसली की कऱ्यातलं पाणी तिच्या शालूवर सांडलं. मला मात्र रडू यायचं बाकी होतं.

आम्ही शिरू म्हणून थांबलेल्या शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर तावातावाने खाली उतरला. खिडकीत वाकला, माझ्या मुंडावळ्या पाहिल्या आणि थबकला.

"तुम्ही व्हा पुढे," काका अदबीने म्हणाले, "आमची गाडी खाली है."

"चाचा, दूल्हा बिठाया है और खाली?"

काकांनी खरंच विचार केला. "जाताना खालीच. येताना भरून येणार."

तो माणूस पोट धरून हसला. मग त्याने आपला ट्रक आडवा घालून अख्खी लेन अडवली आणि ओरडला, "जाओ, भर के लाओ!"

पोचलो तेव्हा अंतरपाट धरायची तयारी झाली होती. माझा श्वास मंगलाष्टकं संपेपर्यंत काही जागेवर आला नाही.

परतताना त्याच जागी काकांनी हॉर्नवरून हात उचलला नाही. ट्रक, टँकर, बस, कुणालाही जुमानलं नाही. बायको घाबरून माझ्याकडे बघायला लागली. "नियम आहे," एवढंच मी सांगितलं.

नरपडच्या रस्त्याला लागलो आणि समोरून चिकूने गच्च भरलेला टेम्पो आला. काका थांबले, टेम्पोही थांबला. दोन्ही भरलेल्या असल्या तर काय करायचं, ते नियमात नव्हतं. टेम्पोवाल्याने मान बाहेर काढून आत पाहिलं.

"नवरी आहे काय?"

"आहे," काका म्हणाले.

त्याने रिव्हर्स टाकला आणि पार वळणापर्यंत मागे गेला. मला भरून आलं. काकांनी सावकाश पहिला गिअर टाकला. आमच्या रस्त्यावर भरलेला टेम्पो मागे गेलेला मी तेवढाच पाहिला.