टाचणीआत्या आणि शाळेची घंटा

अहो, काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी आमच्या गल्लीनं जो गोंधळ घातला ना, त्याला तोड नाही! आणि त्याच्या मुळाशी कोण, तर आमची टाचणीआत्या.

आत्या म्हणजे माझी सख्खी कुणी नव्हे, समोरची शिंपीण. तोंडात सदानकदा टाचण्या, म्हणून हे नाव. दातांत टाचण्या धरूनच बोलते आणि आम्हाला सगळं समजतं. टाचण्या काढून बोलली, की ओळखायचं, आता कुणाची तरी खैर नाही. नवरा लवकर गेला, तेव्हा तिनं शिलाई मशीन ओढून खिडकीशी आणलं, कारण खिडकीसमोरच सरकारी शाळेचं पटांगण. शिवता शिवता दोन्ही पोरांवर नजर! ती पोरं शिकून लांब गेली, मशीन मात्र तिथंच राहिलं. आता तिची नजर आमच्या पोरांवर असते. मी भल्या पहाटे बेकरीत कामाला जाते ती आत्याच्या आणि या शाळेच्या भरवशावर.

अशी शाळा म्हणे बंद करायची! पोरांनी हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जायचं. तिथले ट्रक बघून आम्हीच रस्ता ओलांडायला धजत नाही, तिथं माझी चिमुरडी काय जाणार? माझं डोकंच फिरलं. नोकरी सोडू, की लेकीला घरी बसवू? निर्णय घ्यायला एक अधिकारी बाई शाळा बघायला येणार होत्या.

आत्यानं फर्मान काढलं, "एकही पोर गबाळं दिसता कामा नये. सकाळी सगळे गणवेश माझ्याकडे!"

आम्ही एवढे शहाणे, की गणवेशांबरोबर पोरंही तिच्या दुकानात नेऊन कोंबली. मी तर रजाच टाकली होती. कुणाची बटणं, कुणाची इस्त्री, नुसती झुंबड! माझ्या लेकीचा फ्रॉक नवा शिवायचा होता. आत्या नेहमी खाली चार बोटं दुमड ठेवते, म्हणजे पोर वाढलं की ती उसवून फ्रॉक लांब करता येतो. त्या दिवशी मात्र तिनं हळूच विचारलं, "दुमड ठेवू का गं? पुढच्या वर्षी लागेल ना?"

"शुभ बोल की जरा!" मी खेकसले आणि तोंड फिरवून बटणं निवडायला लागले.

इतक्यात शाळेची घंटा घणघणली. बाई वेळेआधीच येऊन ठेपल्या होत्या, आणि शाळेत चिटपाखरू नाही! "मुलंच नाहीत, मग शाळा कुणासाठी?" असं त्यांनी विचारलं म्हणे.  हेडमास्तरांनी धावत जाऊन घंटा बडवली होती.

आणि मग काय! घंटा झाली की पळायचं, एवढंच पोरांना ठाऊक. कुणी बनियनवर, कुणी बापाच्या शर्टात, माझी लेक अर्धवट फ्रॉकमध्ये, मागे दोरा लोंबतोय! त्यांच्यामागे आम्ही आया, आणि आमच्याही पुढे आत्या, गळ्यात टेप घालून. घंटेचा आवाज विरायच्या आत बाकं भरली!

बाई बघतच राहिल्या. "यांना बोलवायला कोण गेलं होतं?"

"कुणी नाही," हेडमास्तर म्हणाले. "फक्त घंटा वाजवली."

आत्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या. म्हटलं, आता बाईंची खैर नाही!

"बाई, पोरं मी अडकवून ठेवली, चूक माझी. पण मला एवढंच सांगा, त्या मोठ्या शाळेची घंटा आमच्या घरात ऐकू येईल का?"

बाई खिडकीपाशी गेल्या, समोरच्या दुकानाकडे बघितलं आणि ओरडल्या, "अहो, आधी ती इस्त्री बंद करा, धूर निघतोय!"

आत्याची इस्त्री! मी धावत जाऊन ती बंद केली, धापा टाकत परत आले, तर वर्गात हा जल्लोष! बाई हसून सांगत होत्या, "हो हो, माझा निर्णय झाला. शाळा इथंच राहील." मी रडतेय की हसतेय, माझं मलाच कळेना.

आत्यानं मात्र टाचण्या परत तोंडात धरल्या, माझ्या लेकीपुढे गुडघे टेकले आणि फ्रॉकची कड हातात घेतली.

"नीट उभी राहा गं. चांगली चार बोटं दुमड ठेवते. पुढच्या वर्षी लागणार आहे."