काकांचा जिताडा

"काहून घाबरून राहिली माय?" मासळीवाल्या काकांचं पहिलं वाक्य नेहमी हेच. मी तर खरंच घाबरलेली असायचे. आठवीत शाळा सुटली, लग्न होऊन अलिबागकडून थेट जबलपूरला आले, हिंदी धड येत नव्हतं. अधारतालच्या मेन रोडवर त्यांच्या हातगाडीपाशी मराठी कानावर पडलं आणि मी नुसतीच उभी राहिले. नागपूरकडची, पण मराठी.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. बसलाय विकायला, पण गिऱ्हाईक परत पाठवण्यात पटाईत. "आज कतला नको घेऊ, कालचा आहे." शेजारचा भाजीवाला वैतागायचा, "चाचा, धंधा कर रहे हो कि समाजसेवा?"

"तू अपनी भिंडी देख," काका म्हणायचे.

मला दिवस गेले तेव्हा पोटात अन्न ठरेना. डॉक्टरीणबाईंनी वजनावरून दोनदा टोकलं. आधीचं एक गेलेलं, त्यामुळे माझी झोप उडाली. एकच खावंसं वाटायचं, खाडीतला जिताडा. आमच्याकडे जावई आला की तोच करतात, लेकीला दिवस गेले तरी तोच.

काकांनी जिताडा कधी पाहिला नव्हता. मी सांगितलं, चंदेरी असतो, तोंड मोठं, मानेपासून पाठ उंच. "समजलं. बंगाली लोकांची भेटकी," म्हणाले, आणि पांढऱ्याफटक तुकड्यांची पिशवी घेऊन आले. डोकं नाही, कातडी नाही, काटा नाही. तो बासा होता. "हॉटेलवाले यालेच भेटकी म्हणतात न," काका ओशाळले. पुढच्या खेपेला आणला तपकिरी, ठिपक्यांचा, जाड ओठांचा. आमचा हेकरू. "तोंड तर मोठं आहे न माय?" किती दिवसांनी हसले मी.

मग एका सकाळी थर्माकोलचा डबा घेऊन दारातच हजर. कलकत्त्याहून आलेल्या मालातून मागून आणलेला, बर्फातला, खराखुरा जिताडा. मी धावत परात आणली. काकांनी कल्ला उचलला, आत पाहिलं, वास घेतला आणि मासा परत बर्फात ठेवला.

"द्या न काका."

"मी खाल्ला असता. तुले नाही देत." डबा बंद करून निघून गेले. मी दार लावून रडले. रागही आला त्यांचा.

दुपारी काकू डबा घेऊन आल्या. रोहूचा रस्सा होता. "सकाळपासून जेवले नाहीत. म्हणे, पोरीले रडवलं." मी भीतभीत दोन घास घेतले, मग आणखी भात मागितला. ते अन्न पोटात ठरलं. त्यानंतर काकांचा ताजा रोहू साफ होऊन घरी यायला लागला. मुलगी झाली, चांगली गुटगुटीत.

यंदा तिला माहेरी नेलं. आईने कौतुकाने जिताडा वाढला. पोरीने एक तुकडा खाल्ला आणि विचारलं, "आजी, जबलपूरवाली मच्छी नाही का?" आई रुसली. मला कधी एकदा हे काकांना सांगते असं झालं.

परत आल्या आल्या मेन रोडवर गेले. हातगाडी नव्हती. भाजीवाल्याने मान खाली घातली. "चाचा नहीं रहे, दीदी."

पोरगी माझा हात ओढत होती, घरी चल म्हणून. मी त्या जागेकडे पाहत राहिले. भाजीवाल्याची टोपली रस्त्यापर्यंत येऊन टेकली होती, तरी त्याने आपलं दुकान काकांच्या जागेवर सरकवलं नव्हतं.