नावापुढचं कुलूप

आईचे दिवस झाल्यावर लॅपटॉप उघडला, तर माझ्या नावापुढे कुलपाचं चिन्ह होतं. आम्ही आपापल्या गावी बसून एका रुग्णालयाची संगणकयंत्रणा सांभाळतो. कुणी रजेवर गेलं की त्याचा प्रवेश बंद होतो आणि त्याचं काम आधीच शिकलेला जोडीदार ते उचलतो. आमच्याकडे कुठलंच काम एकाच्याच डोक्यात ठेवत नाहीत. तरीही आईच्या उशाशी बसले असताना माझ्यावाचून काम अडेल ही धाकधूक होतीच.

माझा जोडीदार समीर नागपूरला असतो; प्रत्यक्ष आम्ही कधी भेटलेलो नाही. तो व्हिडिओवर आला.

"काही अडलं का रे?"

"काहीच नाही, ताई. त्याचं वाईट वाटलं?" तो हसला. "हल्ली व्हिडिओवरचा चेहराही खोटा असू शकतो; आता तुम्ही तुम्हीच आहात हे पटवा, मग कुलूप काढतो. दिवाळीत आम्हाला काय दाखवलं होतंत?"

"आईच्या करपलेल्या चकल्या."

"आणि मागून काकू काय ओरडल्या?"

"अगं मेले, जगाला काय दाखवतेस!"

आम्ही दोघंही हसलो. आई गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसत होते.

नावापुढचं कुलूप नाहीसं झालं. किती हलकं वाटत होतं! आईचं ते ओरडणंसुद्धा माझ्या एकटीच्याच डोक्यात नव्हतं.