शेजारच्या मावशींची साक्ष

माझे वडील तिसगावच्या शाळेत मास्तर होते. आमच्या भिंतीला भिंत लागून एक शेतकऱ्याचं घर होतं. घरात विधवा आई, तिचे दोन मुलगे आणि थोरल्याची बायको. थोरला लग्नानंतर वर्षाच्या आतच फौजेत भरती झाला आणि लढाईवर गेला. मागं राहिली त्याची आई, तिला मी मावशी म्हणायची, धाकटा मुलगा आणि वहिनी. वहिनी माझ्याहून थोडीशीच मोठी. माझी शाळा सुटलेली, लग्न जमलेलं नव्हतं, त्यामुळे दिवसातला बराच वेळ मी तिच्याच मागे असायची.

वहिनीला शीळ घालता यायची. बाईमाणसानं शीळ घालू नये असं गल्लीतले सगळे म्हणायचे. पण शेळ्या तिच्या शिळेवरच माघारी फिरायच्या. मावशी म्हणायच्या, "घालू द्या की. दिसभर राबती पोर. तेवढाच तिचा इरंगुळा." वहिनीचे आईबाप लहानपणीच गेले होते. चुलत्यानं वाढवलं, लग्न लावून दिलं आणि तो मोकळा झाला. नागपंचमीला ती माहेरी जायची नाही, आमच्याकडे यायची. आईनं हातावर पुरणाचं दिंड ठेवलं की खाण्याआधी त्याचा वास घ्यायची आणि हसायची.

दिवाळीनंतरचा बाजाराचा दिवस होता. मावशी बाजारातून परतल्या तेव्हा वहिनी घरात नव्हती. धाकटा ओसरीवर बसला होता. त्याच्या गालावर ओरखडे होते. "बाभळीचं काटं लागलं," तो म्हणाला, "आन् वहिनीचं मला काय ठावं? बाजारात गेली आसंल." दिवेलागण झाली तरी ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी गावानं निकाल लावून टाकला. फौजीची बायको, नवरा परमुलखात, गेली कुणाचा तरी हात धरून. कुणी म्हणे तिला मोटारीच्या थांब्यावर पाहिली, कुणी म्हणे पाथर्डीच्या वाटेला. फौजदारानं विचारपूस केली, बेपत्ता म्हणून लिहून घेतलं आणि तो गेला.

मावशींना मात्र पटलं नाही. त्या आमच्या दारात उभ्या राहून माझ्या वडिलांना म्हणाल्या, "गुरुजी, तिनं सकाळीच मटकी भिजू घातली हुती. पळून जानारी बाई उद्याची मटकी कशाला भिजू घालंल?"

मावशी चुलत्याच्या गावी जाऊन आल्या. मढीच्या यात्रेत फिरून बायकांची तोंडं न्याहाळत राहिल्या. धाकटा त्यांच्याबरोबर एकदाही गेला नाही. पाय दुखतात, बैल आजारी आहे, असं काहीतरी सांगायचा. तो मावशींचा लाडका. त्याला ताटात पहिली भाकरी, दुधावरची साय. त्याचं वागणं त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं असेल का, हे मी पुढं अनेकदा मनात घोळवलं. त्यांना विचारलं मात्र नाही.

उन्हाळ्यात त्यांच्या शेताच्या कडेची पडकी विहीर आटली. वापरात नसलेली ती विहीर, पायऱ्या ढासळलेल्या. गुराख्यांना गाळात लुगड्याचा काठ दिसला. मावशी तिथवर अनवाणी धावत गेल्या. जोडव्यांवरून त्यांनी सुनेला ओळखलं. गाव आता म्हणू लागलं, पाय घसरून पडली असेल बिचारी. पळून गेली म्हणणारेच हळहळत होते.

आठवडाही झाला नसेल. शाळा भरली होती, मी वडिलांचा डबा घेऊन गेले होते. मावशी सरळ वर्गाच्या दारात आल्या. त्यांचा चेहरा पाहून वडिलांनी मुलांना मैदानावर पाठवलं.

"गुरुजी, फौजदाराकडं जायचंय. तुमी चला."

"काय झालं, बाई?"

"काल गोठ्यात त्याला धरून इचारलं. पाया पडला माज्या. म्हनला, आई, मी तिचा हात धरला, ती बोचकारून पळाली, म्हनली थोरल्याला कळवीन. इहिरीपाशी झोंबाझोंबी झाली. म्या ढकललं. वर काढ म्हून वरडत हुती, मी तितनं पळालो."

वडिलांनी वर्गाचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "बाई, नीट विचार करा. हे तुमच्या तोंडून बाहेर पडलं की मुलगा फासावर जाऊ शकतो. आई म्हणून तुम्ही गप्प राहिलात तर तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही."

"ठावं हाय," मावशी म्हणाल्या. "पर थोरला परत आला आन् त्यानं इचारलं, तर मी काय सांगू? घसरून पडली म्हनू?"

खटला नगरच्या सेशन कोर्टात चालला. भाऊबंदांपैकी कोणी मावशींबरोबर जायला तयार नव्हतं. वडील निघाले आणि सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून मलाही घेतलं. माझा मामा नगरला होता, तिथं उतरायचं ठरलं. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, तेव्हा मोटारी कोळशावर चालत. करंजीच्या घाटात गाडी दमली आणि आम्ही सगळे उतरून चढ चढलो. मावशी माझा हात धरून चालत होत्या. घाटमाथ्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "त्याला घाटातून नेताना बेड्या काढल्या आसतील का गं? चढ लई हाय."

कोर्टात धाकटा पिंजऱ्यात उभा होता. वाळला होता. मावशींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग सगळी साक्ष संपेपर्यंत न्यायाधीशांच्या मागच्या भिंतीकडे पाहत राहिल्या. गालावरचे ओरखडे, गोठ्यातलं बोलणं, त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. आरोपीचा वकील उलटतपासणीला उठला. सासूला सुनेचा इतका पुळका असतो हे त्याला खरं वाटत नसावं.

"बाई, तुमची माया सुनेवर जास्त होती की मुलावर?"

"लेकावर."

"मग त्याच्यावर हा आळ का घेता?"

"आळ न्हाई, सायेब. त्यानं सांगितलं तेच सांगतीया. तिला माज्याबिगार कोन हुतं? तिच्या बाजूनं बोलायला दुसरं मानूस दावा, मी गप बसते."

वकिलानं कागद चाळले आणि तो खाली बसला.

ठरवून मारलेलं नाही, भांडणात ढकललं, असं मानून कोर्टानं त्याला फाशी न देता जन्मठेप दिली. निकाल ऐकून मावशी कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली बसल्या. मी पाणी आणलं. त्यांनी चूळ भरली, प्यायल्या नाहीत.

गावात परतल्यावर भाऊबंदांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. गावच्या विहिरीवर त्या गेल्या की बायका घागरी उचलून बाजूला होत. लेकाला खाल्लं, असं त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत. माझी आई मात्र त्यांना ताक न्यायला रोज बोलवायची आणि मुद्दाम आमच्या ओसरीवर बसवून घ्यायची, सगळ्यांना दिसतील अशा.

लढाई संपल्यावर थोरला आला. खाकी कपड्यांत, खांद्यावर वळकटी. बायको गेल्याचं आणि भावाचं त्याला पलटणीतच कळलं होतं. मावशी घाबरल्या होत्या. हा आता आपल्या हातचं खाईल की नाही, असं त्यांनी आईला विचारलं होतं. तो आला, आईच्या पायाशी बसला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू येत होतं.

नंतर तो आमच्याकडे आला. कोर्टात आई काय काय बोलली, ते त्यानं वडिलांकडून ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, माजा तिचा सवास एका पावसाळ्याचा. तुमाला ती जास्ती ठावं. कशी हुती, सांगा ना." मी सांगत बसले. बारीकसारीक, आठवेल ते. तो मधेच थांबवून पुन्हा सांगायला लावायचा.

त्याच वर्षी त्यानं मावशींना येरवड्याला नेलं, धाकट्याच्या भेटीला. स्वतः मात्र आत गेला नाही. तुरुंगाच्या दाराबाहेर झाडाखाली बसून राहिला. पुढं दरवर्षी तो त्यांना नेत राहिला आणि दरवर्षी बाहेरच बसला.

पहिल्या भेटीहून परतल्यावर मी विचारलं, "मावशी, काय बोललात त्याच्याशी?"

"काय बोलनार?" त्या म्हणाल्या. "जेवतोस का नीट, म्हून इचारलं. व्हय म्हनला."