उपट्या आणि हद्दीचे खांब

सुताराच्या दुकानात दोन गोष्टी कधी संपत नाहीत, भुसा आणि किस्से. भुसा निदान चुलीला लागतो. किस्से डोक्यात साठत जातात आणि वेळी-अवेळी पेट घेतात. आमच्या तळोद्याच्या दुकानातले हे काही किस्से स्वातंत्र्याच्या आधीचे. ऐकताना हसू आलं तर खुशाल हसा, मला मात्र सांगताना अजून राग येतो.

दुकान माझं आणि कादरभाईंचं. मी सुतार, ते लोहार. मधे एक कुडाची भिंत होती, तीही नावापुरतीच.

*

एका साली डोंगरात सरकारी जंगलाची हद्द आखायला एक साहेब आला, देशावरचा. त्याचं नाव घेत नाही, तोंड कशाला विटाळा! भर पावसात त्याने हद्दीला सालईचे ओले खांब रोवायला लावले. सालईचं ओलं लाकूड पावसात रोवलं की त्याला पालवी फुटते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. लोकांनी साहेबाच्या हाताखालच्या जमादाराला तसं सांगितलं, तर तो डाफरला, "सरकारी खांबले पाला फुटत नही!"

दिवाळीपर्यंत कुंपण हिरवंगार! गावच्या शेळ्या तो पाला खाऊ लागल्या, तर शेळ्यांनाच कोंडवाड्यात घातलं. मग साहेबाच्या लक्षात आलं की हद्दच चुकली आहे. हुकूम सुटला, सगळे खांब उपटा आणि आणखी वर रोवा. वर म्हणजे लोकांच्या शेतात!

उपटायला कोण? डोंगरातलेच पावरा लोक, वेठीला धरलेले. मजुरी नाही, भाकरसुद्धा घरची. मुळं धरलेला खांब हलवता हलवता जत्र्या नावाच्या धडधाकट गड्याची कंबर गेली. त्याचा भाऊ वेस्ता त्याला पाठुंगळी मारून तळोद्यात वैद्याकडे घेऊन आला. परत जाताना आमच्या दुकानाशी थांबला. घरी त्यांची बोली वेगळी, पण बाजारात तो आमच्यासारखंच बोलायचा.

"मिस्तरी, खांब काढाले कायतरी करी दे. हाई हातनं काम नही."

*

आम्ही कामाला लागलो. मी धावड्याच्या चिवट लाकडाचा लांब दांडा तासला. कादरभाईंनी त्याच्या एका टोकाला आकडा ठोकला, आकड्यात बैलगाडीची जुनी साखळी अडकवली. साखळी खांबाच्या बुडाला गुंडाळायची, दांड्याखाली खांबाजवळ लाकडाचा टेकू द्यायचा आणि लांबच्या टोकाला चौघांनी लोंबकळायचं. नाव ठेवलं उपट्या.

पहिली परीक्षा माझ्याच परसातल्या खांबावर. चौघं लोंबकळले. खांब जागचा हलला नाही, टेकूच मातीत फसकन आत गेला! बायको दारात उभी राहून हसते आहे, आणि कादरभाई मलाच विचारतात, "मिस्तरी, खांब काढाना शे का आखो एक गाडाना?"

मी असा भडकलो की दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. संध्याकाळी त्यांनीच जात्याची फुटकी तळी आणून मुकाट्याने टेकूखाली ठेवली. खांब मुळ्यासारखा वर आला.

*

उपट्या डोंगरात गेला तेव्हा वाटलं, सुटली बिचारी माणसं! कसली सुटतात? जमादाराने साहेबाला सांगितलं की हे यंत्र त्याच्या डोक्यातून निघालं. साहेबाने त्याची पाठ थोपटली आणि म्हणाला, "काम झटपट होतंय ना? मग पलीकडची हद्दही यांच्याकडूनच करून घ्या."

जत्र्याची कंबर गेली म्हणून केलेलं हत्यार, आणि त्यापायी गावाला दुप्पट वेठ! त्या दिवशी वाटलं, कुऱ्हाड घ्यावी आणि उपट्याचे तुकडे करावेत. कादरभाई म्हणाले, "दांडानी काय चूक शे?" चूक कुणाची ते आम्हाला माहीत होतं, पण त्याच्यावर कुऱ्हाड चालत नव्हती ना!

*

डोंगरात काम नसेल तेव्हा उपट्या आमच्याच दुकानात पडलेला असे. एकदा सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे विकणारा एक जण तो मागायला आला. नदीकाठच्या गाळात त्याचा घोडा बांधायचा खुंटा रुतून बसला होता. मी दिला. दुसऱ्या दिवशी तोंड फुगवून परत आला आणि माझ्यावरच ओरडू लागला, "तुमना उपट्या खराब शे! खुंटा निघना आनि घोडा पळी गया!"

मी म्हटलं, "अरे, घोडा आधी दुसरीकडे बांधून मग खुंटा काढायचा ना!"

तर म्हणतो, "हाई तुम्ही आधी सांगानं व्हतं!"

*

जमादाराला दांड्यावर बसायची भारी हौस. चौघं खाली जोर लावणार आणि हा वर बसून "जोर लावा रे, आळशी साल्यांनो!" करणार. एकदा साखळी निसटली. चौघं बाजूला झाले, जमादार दांड्यासकट चिखलात! कुणी हसलं नाही, हसायची सोयच नव्हती. वेस्ताने जवळ जाऊन अगदी काळजीने विचारलं, "जमादार, आखो जोर लावानं का?"

त्यापायी त्याला दोन दिवस जास्तीची वेठ पडली. पण त्या गावात आजही लग्नात हा किस्सा सांगतात.

*

आता शेवटचा.

वेस्ताच्या शेताच्या कडेला त्याच्या बापाचा खांब होता. माणूस गेला की त्याच्या नावाने कोरीव लाकडी खांब रोवायची त्यांची रीत. सणाला तिथे मोहाच्या दारूची धार सोडायची, नव्या पिकाचं पहिलं कणीस ठेवायचं. त्यांच्या दृष्टीने ते लाकूड नव्हे, तो बापच. नवी हद्द नेमकी तिथून गेली. साहेब म्हणाला, "हद्दीत दुसरा खांब नको. उपटा तो." गावाने हात जोडले, पाया पडले. साहेब उलट कडाडला, "उद्यापर्यंत निघाला नाही तर कुऱ्हाडीने तोडून जाळीन!"

वेस्ता दुकानात आला आणि उपट्या मागू लागला. मी ओरडलो, "बापाला उपटायला मागतोस? नाही देणार!"

तो शांतपणे म्हणाला, "दे, मिस्तरी. दुसरा कोन्ही हात लावी, त्यापेक्षा मीच काढसू."

कादरभाईंनी उपट्या उचलून त्याच्या खांद्यावर दिला आणि आम्ही दोघंही त्याच्याबरोबर गेलो. वेस्ताने डोक्याचं पागोटं सोडलं, खांबाच्या बुडाला गुंडाळलं आणि त्यावरून साखळी घेतली, कोरलेल्या लाकडाला ओरखडा नको म्हणून. एकही हिसका न देता खांब सावकाश वर घेतला. मग चौघांनी तो खांद्यावर घेतला आणि सारं गाव मागून निघालं. ढोल नाही, रडणं नाही. डोंगर उतरून सगळे थेट तळोद्यात साहेबाच्या बंगल्याच्या आवारात शिरले. वेस्ताने पायरीसमोर खड्डा खणला, बापाला उभं केलं, माती दाबून घट्ट केली.

साहेब बाहेर आला. इतकी माणसं बघून जमादार त्याच्या मागे दडला.

"हे काय आहे?"

वेस्ताने हात जोडले.

"मन्हा बाप शे, साहेब. तुमनाच हुकूमथीन उना. इतला डोंगर उतरी उना, आधी पानी द्या त्याले."