सतरा नंबरचा पाळणा

आमच्या टेकडीवरच्या रोपवेच्या डब्यांना सगळे पाळणेच म्हणतात. वरच्या स्टेशनात मी तिकीटखिडकीत बसते आणि माझ्यासमोर फलाटावर सरकाभाऊ दारं लावतात. "आत सरका, आत सरका" म्हणता म्हणता त्यांचं खरं नाव कधीच मागे पडलं. दार लावलं की काचेवर दोन टिचक्या मारायच्या आणि मग पाळणा सोडायचा, ही त्यांची पद्धत. रिकाम्या पाळण्यालासुद्धा मारतात. मी चिडवायचे, "आत कोण बसलंय, भाऊ?" ते म्हणायचे, "हाताला सवय आहे. त्याला कुठे दिसतं?"

भाऊंच्या बायकोला, आमच्या वहिनींना, विसर पडायला लागला, तसा एकेक माणूस त्यांच्या डोक्यातून पुसला गेला. आधी शेजारी, मग मी, मग पोटची मुलगी. मुलीचं म्हणणं, आईला आता अशा माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवू. भाऊ हटून बसले. "मला ओळखते तोवर ती घरात राहील. माझी ओळख गेली, की मग तू म्हणशील तसं."

पण घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. म्हणून ते वहिनींना ड्यूटीवर आणायला लागले आणि सतरा नंबरच्या पाळण्यात बसवायला लागले. त्या खाली जायच्या, वर यायच्या, पुन्हा खाली. नियमाने खालच्या स्टेशनात सगळ्यांनी उतरायचं असतं. पण तिथल्या दारवाल्याला सांगून ठेवलं होतं, की सतरा नंबरातल्या बाईंना उतरवायचं नाही. वर आल्या की वहिनी विचारायच्या, "अहो, घर आलं का?" "आलंच," म्हणत भाऊ टिचक्या मारायचे. आमच्या रोपवेच्या साहेबांना सगळं ठाऊक होतं, त्यांनी काणाडोळा केला. त्या माणसाबद्दल माझं मत काही फार बरं नाही, पण एवढं पुण्य त्यांच्या नावावर मांडायला हवं.

त्या दिवशी सतरा नंबर दुरुस्तीसाठी शेडमध्ये घेतला होता. भाऊंनी वहिनींना नऊ नंबरात बसवलं आणि खाली फोन करायला वळले, तोच कुणाची तरी चाकांची खुर्ची आली. ती चढवण्याच्या नादात फोन राहून गेला. खालचा दारवाला आपला सतरा नंबरची वाट बघत होता. नऊ नंबर आला तेव्हा तो नेहमीसारखा म्हणाला, "चला, उतरा सगळे." वहिनी निमूटपणे उतरल्या.

नऊ नंबर वर आला तो रिकामा. भाऊ दार धरून उभेच राहिले.

खिडकी बंद करून मी त्यांच्याबरोबर खाली गेले. दारवाला रडकुंडीला आला होता. भाऊ त्याला एका शब्दाने बोलले नाहीत. "घरी निघाली असेल," म्हणाले, "जुन्या पायऱ्यांनी." त्यांचं घर वरच आहे, आणि रोपवे होण्याआधी अख्खी टेकडी त्याच पायऱ्या चढायची.

अर्ध्या चढावरच्या कट्ट्यावर वहिनी बसल्या होत्या, चपला शेजारी नीट काढून ठेवलेल्या. भाऊंनी ड्यूटीची टोपी काढून हातात धरली होती, त्यांना धाप लागली होती. ते शेजारी बसले. "चल, घरी जाऊ."

वहिनींनी अंग चोरून घेतलं. "तुम्ही व्हा पुढे. आमचे हे येतील न्यायला. रोपवेत असतात ते. वरून येतील."

भाऊंनी हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. मग भाऊ तिथेच रडायला लागले, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने ते उठले आणि आम्हाला तिथेच सोडून पायऱ्या चढत वळणापलीकडे गेले. मला वाटलं, माणूस खचला. पण ते परत आले, वरून खाली, डोळे पुसून, डोक्यावर टोपी घालून.

वहिनींनी घाईघाईने चपला पायात घातल्या. "अहो, किती उशीर केलात."

माझा जीव भांड्यात पडला. "बघा, ओळखलं त्यांनी," मी भाऊंना हळूच म्हटलं.

दोघं हात धरून चढू लागले, मी मागे. मध्येच वहिनी म्हणाल्या, "मघाशी इथे एक म्हातारे येऊन बसले होते. फार रडत होते हो. त्यांचं कुणी नसावं."

"नसावं," भाऊ म्हणाले.

वर पोचल्यावर त्यांनी वहिनींना माझ्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि मुलीला फोन लावला. "तू म्हणशील तसं," एवढंच म्हणाले.