आईच्या कपाळावरचा भंडारा

"लाव तिच्या कपाळाला. तुझ्या हातानं लाव."

आबांनी भंडाऱ्याचं ताट माझ्यापुढं धरलं होतं. आई तिरडीवर. तिरडी जमिनीवर, ओढ्याच्या अलीकडं, बाभळीखाली. ओढ्यापलीकडं आम्हा मांगांची माती द्यायची जागा. तिथं माझा बाप आहे, आजा आहे, जन्मून तिसऱ्या दिवशी गेलेला भाऊ आहे. सकाळीच आमच्या भावकीनं खड्डा खणून ठेवला होता. आणि वाटेवर गावची तीस-चाळीस माणसं आडवी उभी होती.

मी लावला.

हे आधीच सांगून टाकते. माझ्या बाजूची माणसं ही गोष्ट सांगताना म्हणतात, त्यांनी जबरदस्तीनं लावला. नाही. बोट माझं होतं. आई जाऊन पाच तास झाले होते, ऊन चढलं होतं, माझ्या डोक्यात एकच होतं, हिला लवकर मातीआड करावं.

मग आबा म्हणाले, म्हण, आमी किरिस्ताव न्हाई, हिंदूच हाय. एकानं मोबाईल वर धरला. मी म्हटलं. मोठ्यानं म्हण, म्हणाले. मोठ्यानं म्हटलं. पुढच्या बेंदराला येशीला तोरण लागलं पाहिजे, म्हणाले. त्यालाही हो म्हटलं, तेव्हा मोबाईल खाली गेला.

आबा म्हणजे आमचे माजी सरपंच. दोन मुलं दक्षिणेत गलाईच्या धंद्यात, सोनं गाळतात. गावाकडं डाळिंबाची बाग, देवळाला नवं शिखर त्यांच्याच पैशाचं. गाव आटपाडी तालुक्यात. नाव इथं लिहीत नाही, कोर्टाच्या कागदात लिहिलेलं आहे.

तोरणाचं सांगते. बेंदराला, बैलांच्या सणाला, बैलं वेशीतून जातात. वेशीला केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या, दोराचं तोरण लागतं, आंब्याची पानं ओवलेलं. ते मांगानंच वळायचं. दुसऱ्या कुणी वळलं तर चालत नाही. आता गावात ट्रॅक्टरच जास्त, बैलजोड्या हाताच्या बोटावर मोजाव्या. पण तोरण पाहिजे आणि ते आमच्याच हातचं पाहिजे. बाप गेल्यावर आई वळायची. तिरडीचा दोरही तीच वळायची. साऱ्या गावाची मढी तिच्या दोरानं बांधली गेली. बदल्यात चोळीचा खण, शेरभर जोंधळे, तेही उंबऱ्याबाहेरून पदरात टाकलेले. हे फार जुनं नाही. माझ्या मुलीनं हे बघितलंय आणि ती आता सांगलीत नर्सिंग शिकते.

आईचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही महिनाभर मिरजेला दवाखान्यात होतो. शेजारच्या खाटेवरची बाई रोज प्रार्थना करायची. एकदा तिनं आईच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले आणि आईसाठी मागितलं. आई मला म्हणाली, लेकरं सोडून उभ्या जन्मात माझ्या कपाळाला कुणी असा हात लावला नव्हता. तिथून सुरू झालं. वर्षभरानं आम्ही दोघींनी बाप्तिस्मा घेतला. मी खरं सांगते, मी आईसाठी घेतला. माझं मन अर्धं आत, अर्धं बाहेर होतं.

तिचं मात्र पुरं होतं. आधी तिला मरणाचं फार भ्या. दोर वळताना मध्येच थांबायची, म्हणायची, ह्यो कुणाचा गं आसंल, माझाच तर नसंल. ते भ्या गेलं. नंतर सरळ म्हणायची, "मेल्यावर मी जिथं जाणार हाय तिथं येस न्हाई. येशीभायेर ऱ्हा म्हणणारं कुणी न्हाई. मला आता हितलं कुणी काय करतंय?" सार्वकालिक जीवन हा शब्द तिला धड उच्चारता येत नव्हता. पण ते आपलं आहे, आपल्या नावावर आहे, हे तिला सातबाऱ्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं.

मग तिनं तोरण बंद केलं. मी म्हटलं, दे की वळून, कशाला कटकट. ती म्हणाली, "न्हाई. दोर इकत मागा, इकत देती. येशीचं तोरण न्हाई." त्या बेंदराला वेस उघडी राहिली. पुढच्याही. गावानं दळण बंद केलं, किराणा बंद केला. चटणी-मीठ मी सांगलीहून न्यायची. तिथं मी राहते, हळदीच्या गोदामात निवडायला जाते. आई सोसत राहिली, ओठ दाबून नाही, चांगली हसत. तिच्या हसण्याचाच त्यांना जास्त राग होता.

आता ओढ्यावर या.

मी सगळं केलं. लावलं, बोलले, कबूल झाले. भावकीनं तिरडीला खांदा दिला. आणि आबा वाटेतून हलले नाहीत. म्हणाले, "तू आलीस माघारी, बरं झालं. ती कुठं आली? ही जागा मांगांची हाय, किरिस्तावांची न्हाई. ने तिला तिच्या येशूकडं."

मागं कुणीतरी हसलं.

तोरण पाहिजे तेव्हा आम्ही मांग. माती पाहिजे तेव्हा आम्ही किरिस्ताव. मी त्या माणसाकडं बघत राहिले. मला रडू आलं नाही. मी खाली बसले आणि पदरानं आईचं कपाळ पुसलं. सगळ्यांच्या देखत. जोर लावून पुसलं. म्हटलं, "मी किरिस्ताव हाय. माझी आई किरिस्ताव हाय. मगाशी मी खोटं बोलले."

एकानं पायातली चप्पल काढली, आबांनी त्याला हातानंच थांबवलं. आम्ही तिरडी फिरवली.

आटपाडीहून टेम्पो मिळाला. आई मागं, मी तिच्या उशाशी. सांगलीत पास्टरांनी जागा करून दिली. पास्टरांच्या बायकोनं साबण लावून आईचं तोंड धुतलं, तरी कपाळाचा पिवळा डाग गेला नाही. हळद रोज माझ्या नखांत असते, ती लवकर जात नाही हे मला कळायला पाहिजे होतं. आई तो डाग घेऊन मातीत गेली. तो माझ्या बोटाचा आहे.

पास्टर भला माणूस. म्हणतात, ताई, क्षमा करा, सूड देवावर सोपवा. मी विचारलं, माफी मागितली कुणी? देवानं त्याचा वाटा घ्यावा, मी माझा घेते. गावाचं तोरण वळायचं आता एकट्या मला येतं. भावकीतल्या दोघी शिकायला आल्या होत्या, त्यांना मी चहा पाजून परत पाठवलं. ती कला माझ्याबरोबर जाईल. दर बेंदराला त्यांची वेस बोडकी दिसू दे.

फिर्याद दिली. मोबाईलवरचं चित्रण त्यांनीच गावभर फिरवलं होतं, मिरवायला. ते पोलिसांना आयतं मिळालं. आबांना आठवडाभर आत राहावं लागलं.

आता केस उभी राहिली आहे. माझे वकील हुशार आहेत. म्हणाले, ताई, ॲट्रॉसिटी टिकवायची तर तुम्ही हिंदू मांग पाहिजे. दाखल्यावर तसंच आहे. ख्रिस्ती म्हणालात की कलम गेलं, दाखला गेला, मुलीची सवलत गेली. आबांचा वकील तेवढ्याचीच वाट बघतोय. तुम्ही फक्त एवढं सांगा, आई प्रार्थनेला जायची, बाकी काही नाही. चित्रणात तुम्ही स्वतःच म्हणताय की हिंदू आहोत. तोच आपला पुरावा.

म्हणजे ज्या शब्दांनी मी आईला नाकारलं, तेच शब्द पुन्हा कोर्टात वाजवायचे आणि जिंकायचं. आबांना मोठी शिक्षा होईल. मला ती पाहिजे होती. किती पाहिजे होती हे इथं लिहिता येत नाही. दोन दिवस मला भाकरी गोड लागली नाही. मुलीला फोन केला, तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, फीचं मी बघते. तू आज्जीला दुसऱ्यांदा नाकारू नको."

आता माझं ठरलं आहे. पुढच्या तारखेला साक्षीला उभी राहीन. धर्म विचारतील, ख्रिस्ती सांगेन. आबा समोर असतील, त्यांच्याकडं बघून सांगेन. मोठं कलम जाईल, जाऊ दे. मढ्याची वाट अडवली, ते कलम राहतं. तेही मी हरले तर वरच्या कोर्टात जाईन, तिथं हरले तर आणखी वर. ओढ्यापलीकडची ती जागा माझ्या आईची आहे, असं सरकारी शिक्क्याच्या कागदावर लिहून घेईन. मग सांगलीची माती उकरून आईला काढणार, टेम्पोत घालणार आणि भर दुपारी, गावातून, त्याच वाटेनं नेणार.

आबांना आता साखर आहे, रक्तदाब आहे, असं ऐकते. मी रोज गुडघ्यावर बसून त्यांच्यासाठी प्रार्थना करते. त्या दिवसापर्यंत त्यांनी जगावं, आणि डोळे शाबूत असावेत.